पुढे काय शिकावे? : अभ्यासक्रमांच्या सूचीपासून संगणकीय शिफारशीपर्यंत

मानोरा तालुक्यातील इंझोरी व आसपासच्या गावांतील जैन कुटुंबांना कारंजा (लाड) हे नाव अपरिचित असण्याचे कारण नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे एकाच गावी नांदली आणि त्यांच्या आश्रयाने शेकडो हस्तलिखिते शतकानुशतके बासनांत सुरक्षित राहिली. सुरक्षित राहिली हे खरे. परंतु ती कोणती, किती आणि कोणत्या भाषेतील, हे गावाबाहेरच्या अभ्यासकास कळण्याचा सुलभ मार्ग नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली सूची १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झाली, तीत कारंज्याच्या भांडारांची नोंद झाली, आणि तो मार्ग खुला झाला. पुढील काही वर्षांतच अपभ्रंश भाषेतील ग्रंथ एकामागून एक कारंज्याहून प्रकाशात आले : १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’, १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’, १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’. यांपैकी शेवटच्या दोहोंचे संपादक अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्रा. हिरालाल जैन होत. (सूचीकार हिरालाल आणि हे हिरालाल या दोन भिन्न व्यक्ती, नामसादृश्यामुळे त्यांची गल्लत वारंवार होते.) ग्रंथ पूर्वीही होते, अभ्यासकही होते. दोहोंची गाठ पडली ती सूचीमुळे.

या इतिहासाचे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, शिक्षणाच्या क्षेत्रातही हाच प्रश्न गेली शंभर वर्षे निराळ्या रूपाने उभा आहे. अभ्यासक्रम असतात, ते शिकविणाऱ्या संस्था असतात, शिकू इच्छिणारी मुले-मुलीही असतात. मात्र कोणता अभ्यासक्रम कोठे आहे, त्यास पात्रता कोणती, खर्च किती आणि पुढे काय, याची माहिती ज्याच्या हाती नाही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो अभ्यासक्रम नसल्यातच जमा. अलीकडे ही माहिती एकत्र करून संगणकाच्या साहाय्याने विद्यार्थ्याला ‘तुझ्यासाठी पुढे हे पर्याय आहेत’ असे सुचविण्याची व्यवस्था निर्माण झाली आहे. ती कशी घडत आली आणि इंझोरीसारख्या गावापर्यंत तिचे काय पोहोचले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ही माहिती प्रथम माणसांमार्फतच प्रवास करीत असे. गावातील एखादा मुलगा शिकावयास बाहेर पडे, सुटीत परत येई आणि ‘इंटर’ म्हणजे काय, वकिलीस किती वर्षे लागतात, वसतिगृहाचा खर्च किती, हे ओसरीवर बसून सांगे. त्याचे ऐकून पुढचा मुलगा निघे. जैन समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी जी विद्यार्थिगृहे व गुरुकुले उभारली त्यांचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने निघालेले जैन बोर्डिंग, आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये कार्यरत झालेले महावीर जैन विद्यालय, कोल्हापूरचे जैन बोर्डिंग, जेथे विद्यार्थिदशेत राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि आपल्या जवळचे म्हणजे १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजी (पुढे समंतभद्र महाराज) यांनी कारंजा येथे स्थापन केलेले महावीर ब्रह्मचर्याश्रम अर्थात जैन गुरुकुल. निवास व भोजन या संस्थांनी दिलेच. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एका छपराखाली वेगवेगळ्या वाटांनी जाणारे विद्यार्थी एकत्र आले. वैद्यकीकडे जाणारा आणि वाणिज्याकडे जाणारा एकाच पंक्तीस जेवू लागला. गृहपती व वरच्या वर्गातील विद्यार्थी हेच त्या काळचे मार्गदर्शन केंद्र होते.

या पद्धतीचा गुण उघड होता. सांगणारा ऐकणाऱ्यास ओळखत असे. घरची स्थिती, मुलाची प्रकृती, त्याची गणितातील गती, सारे त्याला ठाऊक. दोषही तितकाच उघड होता. सांगणाऱ्याला जेवढे माहीत तेवढेच जग. ज्या घराचा वसतिगृहाशी संबंध आला नाही त्या घरास तेवढेही नाही. आणि मुलींच्या बाबतीत तर ही साखळी बहुधा सुरूच होत नसे.

माणसाच्या ओळखीवर विसंबून न राहता मार्गदर्शन ही स्वतंत्र विद्या मानावी, हा विचार अमेरिकेतून आला. बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्यांची मांडणी साधी होती : प्रथम स्वतःस ओळखावे, मग व्यवसायांचे जग ओळखावे, आणि त्या दोहोंची सांगड विवेकाने घालावी. आजच्या संगणकीय शिफारशीचा सांगाडाही हाच आहे. भारतात १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठात या कार्यास आरंभ झाला. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे खासगी मार्गदर्शन केंद्र निघाले आणि १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपल्या समाजाच्या तरुणांसाठी असेच केंद्र चालविले. एका लहान समाजाच्या पंचायतीने शिष्यवृत्ती वाटून न थांबता ‘कोणते शिक्षण घ्यावे’ हा सल्लाही आपल्या कामात धरावा, ही घटना कोणत्याही सामाजिक विश्वस्त संस्थेने ध्यानी घ्यावी अशी आहे. १९५० मध्ये मुंबई सरकारचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. माध्यमिक शिक्षणावरील मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळांतून मार्गदर्शन अधिकारी व प्रशिक्षित शिक्षक असावेत असे सुचविले, १९५४ मध्ये दिल्लीस केंद्रीय कार्यालय झाले आणि १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगानेही त्याचा पुनरुच्चार केला. कागदावर योजना उत्तम होती. तालुक्याच्या गावी मात्र, वर्गशिक्षक हाच मार्गदर्शक राहिला आणि त्याच्या हाती ना चाचणी होती ना अभ्यासक्रमांची सूची.

दरम्यान सूचीच वाढत चालली होती. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे. महाराष्ट्रात दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली, आणि तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढे ‘विज्ञान की वाणिज्य की कला’ हा प्रश्न येऊन ठाकला. १९८३ हे वर्ष पश्चिम विदर्भाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात परवानगी मिळू लागली आणि शेगावी श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झाले. पर्याय वाढले, तशी निवड अवघड झाली. निकालाच्या दिवशी वृत्तपत्रांच्या पुरवण्या, माहितीपुस्तिकेसाठी लागणाऱ्या रांगा, प्रत्येक संस्थेचा वेगळा अर्ज आणि प्रत्येक ठिकाणी एस.टी.ने करावयाची फेरी, हे त्या पिढीच्या पालकांना वेगळे सांगावयास नको. पाच ठिकाणी अर्ज भरणे हे पैशाचे काम होते. म्हणून अनेक घरांत ‘जवळचे ते आपले’ या न्यायाने निवड झाली.

संगणक या क्षेत्रात आला तो मार्गदर्शनासाठी नव्हे, तर प्रवेशाच्या गर्दीस शिस्त लावण्यासाठी. हा मुद्दा महत्त्वाचा असून पुढील सारा इतिहास त्यावर अवलंबून आहे. केंद्रीभूत प्रवेशासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाने प्रत्येक संस्थेस व प्रत्येक अभ्यासक्रमास क्रमांक दिला. संस्थेच्या तेव्हाच्या चार अंकी क्रमांकातील पहिला अंक विभाग सांगत असे : अमरावती १, औरंगाबाद २, मुंबई ३, नागपूर ४, नाशिक ५, पुणे ६. त्यापुढील अंक अभ्यासक्रमाचे. रुक्ष वाटणाऱ्या या आकड्यांनी एक मोठे काम केले. ‘अमक्या महाविद्यालयातील तमका अभ्यासक्रम’ ही गोष्ट प्रथमच निःसंदिग्धपणे मोजता, शोधता आणि ताडून पाहता येऊ लागली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. २००९ मध्ये मुंबई विभागात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. २०१५ च्या कायद्याने राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाला अधिष्ठान मिळाले. प्रत्येक फेरीनंतर कोणत्या जागेवर शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, हे आकडे संकेतस्थळावर येऊ लागले. या आकड्यांची मागील वर्षाशी तुलना करून ‘तुमच्या गुणांवर येथे प्रवेश मिळू शकेल’ असे सांगणारे खासगी सल्लागार व संकेतस्थळे लवकरच निघाली.

अभ्यासक्रमांची माहिती एका ठरावीक नमुन्यात ठेवली की तिचा उपयोग कोणासही करता येतो, ही कल्पना इतर देशांतही याच सुमारास आकार घेत होती. ब्रिटनमध्ये २०११ ते २०१३ या काळात ‘जिस्क’ या संस्थेने महाविद्यालये व विद्यापीठांसाठी एक उपक्रम राबविला. प्रत्येक संस्थेने आपल्या अभ्यासक्रमाचे नाव, पात्रता, कालावधी, स्थळ, आरंभदिन, शुल्क हे एकाच साच्यात प्रसिद्ध करावे, म्हणजे एक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास पुढचा कोणता, हे यंत्रास सुचविता येईल, अशी त्यामागील अपेक्षा होती. या उपक्रमात एक गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. अनेक संस्थांत ही माहिती एका जागी नव्हतीच. प्रवेश विभागाकडे एक, छापील माहितीपत्रकात दुसरे, विभागप्रमुखाच्या टेबलावर तिसरे. शिफारस करणारे यंत्र बनविण्याआधी घरातील वह्या जुळविणे हेच मोठे काम ठरले.

महाराष्ट्रात मार्गदर्शनाची जुनी वाट आणि माहितीची नवी वाट एकत्र आणण्याचा प्रयत्न २०१६ मध्ये झाला. त्या वर्षी राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ सुरू केली. ललित कला, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, कृषी, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोणीकडे, याचा अहवाल त्याच्या हाती पडू लागला. सोबत ‘महाकरिअर मित्र’ या संकेतस्थळावर त्या त्या क्षेत्रातील अभ्यासक्रम व संस्था शोधण्याची सोय झाली. पुढे ही चाचणी मोबाईलवर घेतली जाऊ लागली. खेड्यातील व शहरातील मुलास एकच प्रश्नपत्रिका व एकच सूची मिळावी, ही गोष्ट लहान नव्हती. मुदलियार आयोगास जे शिक्षक नेमून साधावयाचे होते ते येथे एका प्रश्नावलीने साधू पाहिले होते. उणीव होती ती पुढच्या टप्प्यात. चाचणी मुलाचा कल सांगे. पण त्या कलाच्या दिशेने जाणारी एस.टी. त्याच्या गावाहून सुटते काय, वसतिगृह आहे काय, शुल्क परवडेल काय, हे सांगणारे कोणी नव्हते. अहवाल घरी येई, वाचला जाई आणि बहुधा गुणपत्रिकेसोबत ठेवला जाई. पुढील निर्णय जुन्याच रीतीने होत.

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाकरिअर’ पोर्टल सुरू केले. पाचशेहून अधिक व्यवसाय, हजारो महाविद्यालये, प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती त्यात होती. शाळेत नोंदविलेला ‘सरल’ प्रणालीचा क्रमांक हीच आत जाण्याची किल्ली. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने मध्येच शाळा सोडली त्याच्या हाती ही किल्ली राहत नाही, आणि पुढील शिक्षणाचा पर्याय सुचविण्याची सर्वांत अधिक निकड त्यालाच असते.

आता हे यंत्र सुचविते कसे, हे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण यंत्राचे उत्तर अनेक पालक पंचांगासारखे प्रमाण मानतात. पहिली चाळण पात्रतेची. बारावीस गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, आणि जीवशास्त्र नसेल तर वैद्यकी, सूचीतून गळते. म्हणजे दहावीनंतर निवडलेला एक विषय पुढील सूचीची रुंदी ठरवून ठेवतो. दुसरी चाळण जागांच्या वाटपाची. अभियांत्रिकीच्या प्रवेशात अनेक वर्षे विद्यापीठनिहाय ७०:३० असे वाटप राहिले. वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थी अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातला, त्यामुळे पुण्यातील स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयात तो ३० टक्क्यांच्या वाट्यात मोजला जाई. ज्या शिफारशीने हा भेद ध्यानी घेतला नाही तिचे उत्तर चुकीचे. तिसरी चाळण मागील वर्षाच्या शेवटच्या गुणांची. ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवी. हे आकडे गेल्या वर्षी इतरांनी काय निवडले एवढेच सांगतात. ज्या शाखेकडे झुंबड, तिचे गुण चढे. ज्यांचे गुण चढे, तीच शाखा ‘उत्तम’ म्हणून पुन्हा वर दिसते. कृषी पदविका, ग्रंथालयशास्त्र, प्राकृत भाषेचा अभ्यास असे पर्याय अशा सूचीत तळाशी जातात. कारंज्याच्या हस्तलिखितांना जर मागणीच्या क्रमाने लावले असते, तर अपभ्रंश ग्रंथ कोणत्या पानावर आले असते, याची कल्पना करावी.

जैन विद्यार्थ्यांच्या संदर्भात आणखी एक चाळण आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या खुल्या झाल्या. जैन अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोटा असतो. अकरावीत तो ५० टक्के आहे. परंतु सर्वसाधारण शिफारस करणाऱ्या बहुतेक खासगी संकेतस्थळांना ‘कोणता अल्पसंख्याक’ हा प्रश्न विचारण्याचे भान नसते. संस्था कोणत्या समाजाची, हा रकाना माहितीत नसेल तर पर्याय असूनही दिसत नाही. शिष्यवृत्तीची मुदत टळल्यावर ती असल्याचे कळणे, हा अनुभव अनेक घरांना आहे.

सूची जुनी झाली की काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलीस शासकीय महाविद्यालयासाठी अकोला, यवतमाळ, नागपूर अशी नावे सांगितली जात. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशीमही होते, अमरावतीही होते. आदल्या वर्षाची माहिती जपून ठेवणाऱ्या यंत्रास, पुस्तिकेस किंवा शिक्षकास जिल्ह्याच्याच ठिकाणी उभे राहिलेले महाविद्यालय ठाऊक असणे शक्य नव्हते. बोर्डिंगमधील वरच्या वर्गाचा विद्यार्थी दर सुटीत नवी बातमी घेऊन येत असे. संगणकाची सूची कोणीतरी बसून बदलावी लागते, आणि तो ‘कोणीतरी’ कोण, हे पुष्कळदा ठरलेले नसते.

२०२५ मध्ये या प्रवासाचे पाऊल थेट गावापर्यंत पोहोचले. तोपर्यंत अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया मुंबई महानगर, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरती होती. त्या वर्षी ती संपूर्ण राज्यास लागू झाली आणि मानोरा, कारंजा, मंगरूळपीर तालुक्यांतील दहावी उत्तीर्ण विद्यार्थीही प्रथमच तीत आले. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. २१ मे रोजी सुरू झालेली नोंदणी तांत्रिक अडचणींमुळे थांबली आणि २६ मे पासून पुन्हा सुरू झाली. नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये एका सूचीत आली. पूर्वी शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांपलीकडे पाहण्याची सोय नसलेल्या घरास घरबसल्या राज्यातील कोणत्याही जिल्ह्यातील शाखा, माध्यम, अनुदानाचे स्वरूप व प्रवेशक्षमता पाहता येऊ लागली. जवळच्याच महाविद्यालयात जावयाचे असलेल्यांना मात्र, जे काम एका फेरीत होत असे त्यासाठी फेऱ्यांची वाट पाहावी लागली, ही तक्रारही रास्त होती.

अर्जात पसंतीचे किमान एक आणि कमाल दहा क्रम भरावयाचे होते. पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे आवश्यक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर. हा नियम ठाऊक नसलेल्या पालकाने पहिल्या ओळीत सहज म्हणून लिहिलेले नाव मुलाची दोन वर्षे ठरवू शकत होते. दहा ओळी भरण्यासाठी पालक नेट कॅफेत, शाळेच्या संगणक कक्षात किंवा शेजारच्या महाविद्यालयीन मुलाकडे गेले. कल चाचणीचा अहवाल त्या अर्जाजवळ नव्हता. करोनाच्या साथीत खंडित झालेली ती चाचणी त्यानंतर पूर्ववत झालीच नव्हती.